खारबांध, कांदळवन आणि किनाऱ्याचा कायदा

आपल्या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांपैकी एकाच्याही शिवेस समुद्र लागत नाही. तेव्हा नगरच्या शेतकऱ्यांच्या मासिकात समुद्रकिनाऱ्याच्या व्यवस्थेचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखकाची चाकरीची सारी वर्षे याच जिल्ह्याच्या महसुली दप्तरात गेली. जिराईत, बागाईत, पोटखराबा, गायरान एवढेच जमिनीचे प्रकार त्याच्या लेखणीस ठाऊक होते. परंतु मुलगी पेण तालुक्यात दिली आणि तेथे जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा जमिनीचा एक निराळाच प्रकार पाहण्यात आला. दिवसातून दोनदा समुद्र येऊन जिच्या बांधाशी भांडतो ती खारजमीन. त्या जमिनीच्या निमित्ताने किनाऱ्याचे कायदे वाचावे लागले, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की हा विषय घाटावरच्या माणसास वाटतो तितका परका नाही.

प्रथम पाण्याचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे जो पाऊस पडतो त्याचे ढग अरबी समुद्रावरून येतात. रतनगडापाशी उगम पावणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघणारी मुळा यांचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास जाते. सीना व घोड यांचे भीमेतून कृष्णेस आणि पुढे त्याच उपसागरास जाते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पश्चिमेस पडलेला थेंब मात्र काळू व उल्हास नदीवाटे ठाणे-वसईच्या खाडीस मिळतो. म्हणजे एकाच गडाच्या माथ्यावरून दोन समुद्रांची वाटणी होते. आपल्या शेतातून वाहून जाणारी माती व खते कोठे जातात याचा हिशेब कोणत्याही नमुन्यात नसतो, तो किनाऱ्यावर निघतो. याविषयी पुढे लिहिले आहे.

आता खारजमिनीविषयी. खाडीच्या काठची सखल चिखलवट जमीन मातीच्या बांधाने वेढून समुद्रापासून सोडवावयाची, तिच्यातील मीठ दोन-चार वर्षांच्या पावसाने धुऊन काढावयाचे आणि मग भात घ्यावयाचे, अशी ही जुनी पद्धत आहे. पेण-अलिबागच्या या मुलखास खारेपाट म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाडी बसवलेली असते. तिची झडप अशा रीतीने टांगलेली असते की भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने ती मिटते, आणि ओहोटीस आतील पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. माणसाने रात्री-अपरात्री जाऊन उघडझाक करावयाची गरज नाही. बांधाच्या आतील खळग्यांत जिताडा नावाची मासळी वाढते. पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी, असे त्या जमिनीचे दुहेरी उत्पन्न.

उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, उडून जाते, आणि पृष्ठभागावर मिठाचा पांढरा थर राहतो. हे वर्णन वाचून प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील वाचकांस आपलीच जमीन आठवेल. आपल्याकडे मीठ समुद्राने आणले नाही. उसास दिलेल्या बेसुमार पाण्याने जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले. क्षारयुक्त जमीन गोड्या पाण्याने धुऊन व चर काढून सुधारते, चोपण जमिनीस त्याखेरीज जिप्सम लागते. दोन्हींच्या मुळाशी निचऱ्याचा अभाव असतो, आणि निचरा ही एकट्या खातेदाराच्या हातची गोष्ट नव्हे. माझा चर शेजाऱ्याच्या शेतातून गेल्याखेरीज ओढ्यास मिळत नाही. खारबांधाचेही तसेच आहे. बांध एका जागी फुटला तर पाणी सर्वांच्या शेतात शिरते.

व्याह्यांच्या बांधावर बावीस खातेदारांच्या जमिनी होत्या. पैकी निम्म्याहून अधिक नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पनवेलीस गेलेले. खेकड्यांनी बांधात बिळे केली. पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस जाऊन ती बुजवीत असे, तेही बंद पडले. सुमारे बारा वर्षांपूर्वी आषाढातील अमावास्येच्या उधाणास बांधास खांड पडली. पहिल्या दिवशी ती आठ-दहा हात होती, दिवाळीपर्यंत तीस हात झाली. वर्गणीची बैठक तीन वेळा झाली. गावी राहणाऱ्या आठ जणांची ऐपत नव्हती, आणि बाहेर राहणाऱ्यांस त्या भाताची आस्था नव्हती. व्याह्यांची साडेतीन एकर जमीन पाण्याखाली गेली. दुसऱ्या वर्षी भरतीच्या पाण्याबरोबर तिवराची बीजे आत आली व रुजली. सातव्या वर्षी तेथे माणसाच्या डोक्याहून उंच झाडी झाली.

पूर्वी असे का होत नसे, हे पाहण्याजोगे आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, खाडी बांधून जमीन काढणारे शिलोत्रदार असत. बांध राखणे त्यांचे काम, व त्याबद्दल ते कसणाऱ्यांकडून शिलोत्री हक्क घेत. गोव्यात हेच काम गावकरीच्या संस्था करीत. तेथील खाजण जमिनींच्या उघाडीस मानस म्हणतात, आणि मानसापाशी मासे धरण्याच्या लिलावाचे उत्पन्न गावाकडे येई. कुलाब्यात खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी-कोपर येथील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप चालविला. पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यास जमीन मिळाली, ते न्याय्यच झाले. परंतु जमिनीबरोबर बांधाची जबाबदारी कोणाकडे गेली याचा उलगडा तितका स्पष्ट झाला नाही. मुंबई राज्याचा कूळवहिवाट कायदा आणि खारजमीन कायदा हे दोन्ही १९४८ सालचे आहेत. त्यानंतर १९७९ साली महाराष्ट्राने खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. सरकारी योजनेत घेतलेले बांध सरकारने राखावे, खाजगी बांध खातेदारांनी राखावे, असे ठरले. व्याह्यांचा बांध खाजगी होता.

आता देशाच्या धोरणाकडे वळू. किनाऱ्यासंबंधी सरकारचा विचार बराच उशिरा सुरू झाला. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवावा असे कळविले. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तीत किनाऱ्याचे वर्ग पाडले. कांदळवने, प्रवाळ यांसारख्या नाजूक जागा व भरती-ओहोटी यांमधील जमीन पहिल्या वर्गात. वस्तीने भरलेली शहरे दुसऱ्यात. खेडेगावे व मोकळी जमीन तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामास बंदी, मात्र शेती, बागाईत व कुरणे यांस मुभा होती. २०११ साली ही अधिसूचना नव्याने काढली गेली, व १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणीही चौथ्या वर्गात आले. १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी अधिसूचना निघाली. तीत २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर चौरस किलोमीटरास २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या खेड्यांत २०० मीटरांची बंदी ५० मीटरांवर आणली. वस्ती दाटली की मोकळीक वाढते, हा न्याय मला नीटसा उमगलेला नाही. गायरानावर अतिक्रमण पुरेसे झाले की ते नियमित करा म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादाशी तो फार जुळतो.

महसुली माणसास यातील खरे कुतूहल मोजणीचे आहे. आपल्याकडे शिवेचा दगड हलवला तर फौजदारी होते. समुद्राची शीव मात्र रोज हलते. म्हणून उधाणाच्या वेळी पाणी जेथवर पोहोचते ती भरतीरेषा नकाशावर आखावी लागते. खाडीच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट होतो. खाडी कोठे संपली व नदी कोठे सुरू झाली, हे कोणी सांगावे? त्यासाठी अधिसूचनेने एक सुबक कसोटी दिली आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा जेथे हजार भागांस पाच भाग भरेल, तेथवर समुद्राचा अंमल मानावा. भर समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण हजारी सुमारे ३५ असते. लिटरास पाच ग्रॅम मीठ असलेले पाणी आपल्यापैकी कोणीही उसास देणार नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रेषा शेतकऱ्याच्याही किती उपयोगाची आहे ते कळेल.

कायदा कागदावर आला म्हणून अमलात आला असे नव्हे. १९९१ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक राज्याने किनाऱ्याच्या व्यवस्थेचा आराखडा करावयाचा होता. १९९६ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयास राज्यांस त्याबद्दल फैलावर घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात आलेला निकाल तर प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यावरचा होता. तमिळनाडूत भाताची जमीन घेऊन तेथे कोळंबीची तळी खोदण्याची लाट आली होती. तळ्यांतील खारे पाणी झिरपून शेजारची शेते व पिण्याच्या विहिरी नासू लागल्या. सर्वोदयाचे वृद्ध कार्यकर्ते एस. जगन्नाथन् यांनी न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने नियमन क्षेत्रातील ती तळी हटविण्याचा, व शेतजमीन, मिठागरे आणि कांदळवने यांचे कोळंबीच्या तळ्यांत रूपांतर न करण्याचा हुकूम दिला. पुढे २००५ साली त्या धंद्यासाठी निराळा कायदा होऊन परवान्याची पद्धत आली.

महाराष्ट्रात कांदळवनांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास व त्याभोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम करण्यास मनाई केली. त्या वर्षीच्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती, आणि मिठी नदीच्या काठची झाडी तोडून भराव घातल्याचा परिणाम लोकांनी नुकताच पाहिला होता. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने मनाई कायम झाली. २०१२ साली राज्याने वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापला. सांप्रत महाराष्ट्रात तीनशे चौरस किलोमीटरांहून काही अधिक कांदळवन आहे. या झाडांची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, आणि पुष्कळ जातींच्या मासळीची पिले त्यांच्याच आसऱ्यास वाढतात. घाटावरच्या माणसास उपमा द्यावयाची तर ताल-बांध, गोठा व बियाणे-कोठार ही तिन्ही कामे ते एकटे करते.

यावरून वाचक म्हणतील, झाडी इतकी उपकारक, तर मग व्याह्यांच्या शेतात ती उगवली हे बरेच झाले. समुद्राच्या दृष्टीने बरे झाले असेल. परंतु साडेतीन एकरांचा सात-बारा अद्याप व्याह्यांच्या नावे आहे, आणि तीत जे उगवले आहे त्यास त्यांनी कोयता लावावा तर गुन्हा होतो. रायगड जिल्ह्यात अशा रीतीने बांध फुटून कांदळवनाखाली गेलेली खाजगी जमीन पुष्कळ आहे. मालकी शेतकऱ्याची, राखण सर्व देशासाठी, आणि मोबदला मात्र ठरलेला नाही. तोडू न देण्याचा कायदा मला मान्य आहे, परंतु जो खर्च सर्वांचा आहे तो आठ भातवाल्यांच्या माथी मारणे मान्य नाही. धरणासाठी जमीन घेतली तर निवाडा होतो, भूसंपादनाची रक्कम मिळते. येथे जमीन कोणी घेतली नाही, ती केवळ उपयोगातून गेली.

आणखी एक गोष्ट सांगण्यास लाज वाटते, तरी सांगतो. व्याह्यांचे उतारे पाहिले, तेव्हा खांड पडल्यानंतरही पाच वर्षे पिकाच्या रकान्यात ‘भात’ लिहिलेले होते. कोणी शेतावर न जाता मागील वर्षाची नोंद पुढे ओढली होती. असल्या नोंदी तपासून त्यांवर बरोबरची खूण करण्यात माझीही कित्येक वर्षे गेली आहेत, म्हणून मला दुसऱ्यास बोल लावण्याचा अधिकार नाही. परंतु त्या ‘भात’ या दोन अक्षरांमुळे नुकसानीचा अर्ज करताना व्याह्यांपाशी पुरावाच राहिला नाही. २०२१ पासून खातेदारास आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह करता येते. कोकणातील असो वा शेवगावातील असो, ज्याच्या जमिनीवर पाणी साचून पीक गेले आहे त्याने त्या वर्षीच ‘पड’ अशी खरी नोंद करावी.

कायद्यात खारबांधास मनाई आहे असा समज काही ठिकाणी आढळला, तो खरा नाही. धूप थांबविण्याची कामे, भरती नियंत्रित करणारी दारे आणि खारे पाणी आत शिरू न देण्यासाठी केलेली बांधकामे यांस तिन्ही अधिसूचनांनी परवानगीच्या अधीन राहून वाट ठेवली आहे. २०११ च्या अधिसूचनेत तर गोव्याच्या खाजण जमिनींचे नकाशे करून त्या राखाव्या असा स्वतंत्र उल्लेख आहे. अडचण येते ती, खांड वेळेवर न बुजविल्यामुळे मध्ये झाडी उभी राहते तेव्हा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत जे काम फावड्या-घमेल्याने होते, त्यासाठी सातव्या वर्षी न्यायालयात जावे लागते.

मासेमारीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या विहिरींसारखाच आहे. १९७६ च्या कायद्याने भारताने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपली सत्ता व २०० मैलांपर्यंत साधनसंपत्तीवर हक्क सांगितला. बारा मैलांच्या आतील मासेमारी राज्यांकडे, बाहेरील केंद्राकडे आहे. मासा मात्र ही रेषा ओळखत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा आहे. त्यातील गुन्ह्यांचा निवाडा पूर्वी तहसीलदारांनी करावयाचा असे. दुष्काळ, निवडणुका, शिधापत्रिका यांतून जाळ्याची आस मोजण्यास त्यांस कितीशी सवड मिळत असेल, हे कचेरीत बसलेल्यास विचारावे. २०२१ च्या दुरुस्तीने ते काम मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेले व दंडही वाढले. कोळी बांधव पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवीत, कारण ते माशांच्या विणीचे दिवस. अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते. पारंपरिक होडीवाल्यांची तक्रार अशी की, ते बंदी पाळतात व यांत्रिक मोठ्या जाळ्यांवाले बाकीच्या दहा महिन्यांत पिलांसकट सर्व उपसून नेतात. आपल्याकडे शेजाऱ्याने आठशे फुटांचे बोअर घेतल्यावर चाळीस फुटांच्या विहिरीची जी गत होते, तीच ही. त्यावर हिवरे बाजारने गावापुरता इलाज केला. तेथे सिंचनासाठी बोअर घ्यावयाचे नाही, व पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवावयाची, असा निर्बंध गावकऱ्यांनीच स्वतःवर घातला. समुद्राचा ताळेबंद एका गावास मांडता येत नाही, म्हणून तेथे राष्ट्राची गरज पडते.

आता आपल्या अंगणातील हिशेब. गोदावरीच्या मुखाशी आंध्र प्रदेशात जो सुपीक त्रिभुज प्रदेश आहे तो वरच्या मुलखातून वाहून गेलेल्या मातीनेच झाला. १९२६ साली भंडारदरा पुरे झाले, १९७६ साली जायकवाडी झाले, आणि सबंध खोऱ्यात लहानमोठी धरणे बांधली गेली. त्यांच्या तळाशी गाळ बसू लागला, तेवढा मुखाशी जाणे कमी झाले. समुद्र काठ खातो तो नेहमीच खात असतो, पण पूर्वी नदी त्याची भरपाई करी. त्या किनाऱ्यावर धूप होत आहे, त्याच्या कारणांत धरणांत अडलेला गाळ हे एक मोठे कारण मानले जाते. धरणे नसावीत असे मी म्हणत नाही. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसास तसे म्हणता येणार नाही. परंतु धरणातील गाळ काढून शेतात नेणे हे आपल्या फायद्याचे, तसेच माती बांधातच अडविली तर धरणाचे आयुष्य वाढते. पिकास न लागलेले नत्र पाण्यावाटे खाडीत गेले की तेथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासळी गुदमरते. म्हणजे युरियाची जी गोणी आपण अधिक टाकली, तिची किंमत आपण दिली आणि नुकसान दुसऱ्याचे झाले.

बंदरांची गोष्टही आपल्यापासून दूर नाही. आपला कांदा परदेशी जातो तो बहुधा १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून. डहाणूजवळ वाढवण येथे नव्या मोठ्या बंदरास केंद्राने २०२४ च्या जूनमध्ये मंजुरी दिली व ऑगस्टात पायाभरणी झाली. तेथील मच्छीमारांचा त्यास जुना विरोध आहे. कांद्याचे भाडे कमी व्हावे ही आपली इच्छा, व जाळे टाकावयास जागा राहावी ही त्यांची. दोन्ही इच्छा एकाच पाण्यात आहेत, एवढे कांदेवाल्याने जाणून असावे.

व्याह्यांकडील सद्यःस्थिती अशी आहे. समुद्राकडील साडेतीन एकरांतील तिवरास हात लावावयाचा नाही असे घरात ठरले. कांदळवन कक्षाची २०१७ पासून उपजीविकेची योजना आहे. तीत खेकडेपालनास साहाय्य मिळते. त्यासाठी मुलीच्या दिराने गावच्या गटातर्फे अर्ज केला आहे. उताऱ्यावरील चुकीच्या नोंदीबद्दल मोजणी व पंचनामा मागितला आहे. तो अर्ज मीच लिहून दिला, व त्यास जोडलेली कागदपत्रे तेरा आहेत. मागील बाजूस उरलेल्या दोन एकर सात गुंठ्यांभोवती आठ खातेदारांनी मिळून आतला लहान बांध घातला. दोन पावसाळ्यांत मीठ उतरल्यावर पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेली क्षार सोसणारी भाताची जात लावली. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आठही घरांची माणसे बांधावर खेकड्यांची बिळे बुजवीत होती, आणि हजेरीची वही व्याह्यांनी माझ्या हाती दिली.